डब्यातलं बिऱ्हाड

सहल नीट पार पडली की तिचा किस्सा होत नाही. गेलो, जेवलो, आलो; कोण सांगणार आणि कोण ऐकणार? काही बिघडलं, कोणी पडलं, कोणी रुसलं, की मगच ती सांगण्यासारखी होते. आमच्या सात सहली झाल्या आणि किस्सेही सातच आहेत! आता तुम्हीच काय ते समजा.

घरात चार माणसं जमली, जेवणं झाली, की कोणीतरी म्हणतंच, "काकू, डब्याचं सांगा ना!" मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मीही हसते, आता सवय झाली. पण तेव्हा त्या डब्यात बसून कितीदा डोळ्यांना पदर लावला ते मला विचारू नका.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदा म्हणायचे. ह्यांचं जटपुरा गेटाजवळ मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. ठेकेदारांचे लाकडाचे ट्रक जंगलातून खिळखिळे होऊन यायचे आणि हे त्यांना चालते करून परत पाठवायचे. सगळं गाव ह्यांना 'भाऊ' म्हणायचं. घरात माणसं मोजकी. हे, मी, आमची दहा वर्षांची कुसुम, ह्यांचे धाकटे भाऊ मधू, त्यांची बायको विमल आणि ह्यांची मोठी बहीण आक्का. मधूभाऊजी कचेरीत कारकून होते. आक्का लहानपणीच विधवा झालेली, सोवळ्याची भारी कडक.

सासरे गेले आणि वर्षभरात घरात दोन चुली झाल्या. भांडण कशाचं होतं ते आज मला आठवतही नाही. दुधाच्या पातेल्यावरून सुरू झालं होतं एवढं खरं. ह्यांना ते फार लागलं. एका ठेकेदाराच्या वाडीत मिलिटरीनं टाकून दिलेला दोन चाकांचा ट्रेलर गंजत पडला होता, तो ओढून आणला. त्यावर सागाच्या फळ्यांची खोली बांधली, वर पत्रा ठोकला, जुन्या बसच्या खिडक्या बसवल्या, झोपायला भिंतींना एकावर एक फळ्या लावल्या. हिरवा रंग दिला आणि आपल्या म्हाताऱ्या जीपच्या मागे तो जोडला.

"सुट्टी लागली का सगळ्यायनं रानात जायचं," म्हणाले. "घरात चुली दोन हायेत. डब्यात स्टोव्ह एकच हाये. पाह्यतो कसे वेगळे राह्यता ते!"

या माणसाला कोण काय सांगणार?

* * *

पहिल्या दिवाळीला मोहर्लीच्या रस्त्यानं निघालो. अर्ध्या वाटेत समोरून बांबूनं भरलेल्या बैलबंड्या आल्या, एकामागे एक, दहा-बारा. रस्ता एकाच बंडीपुरता. बैलांना काही मागे चालता येत नाही, म्हणून हे रुबाबात म्हणाले, "थांबा, मी रिव्हर्स घेतो!"

मागे ट्रेलर जोडलेली गाडी रिव्हर्स घेणं ही वेगळी विद्या आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ह्यांनाही त्याच दिवशी कळलं! जीप डावीकडे वळवली की डबा उजवीकडे जायचा. जीप उजवीकडे, तर डबा डावीकडे. अर्ध्या तासानं आम्ही रस्त्यात असे आडवे झालो की आता सायकलसुद्धा जाऊ शकली नसती.

शेवटी बंडीवाल्यांनी बैल सोडले. "भाऊ, जीप सोडवा. डबा आमी सरकवतो. माणसं उतरवा सगळी."

आम्ही उतरलो. आक्का उतरेना. तिनं ओलेत्यानं स्टोव्हवर भात टाकला होता. "माहा भात शिजून राह्यला. मी मधात उठणार नाई!" मग आक्का आणि भातासकट त्या दहा-बारा माणसांनी खांदा लावून डबा कडेला नेला. घामाघूम झाले बिचारे. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं दम खात मला विचारलं,

"बाई, घर घेऊन कायले फिरून राह्यले? घर पडलं का तुमचं?"

आतून आक्काचा आवाज आला, "पडलं नाई गा, उभं हाये. तेच तं दुखणं हाये!"

* * *

चैत्रात वडशाच्या पुढे गेलो. ह्यांनी जागा शोधली ती मोहाच्या झाडाखाली. जमिनीवर फुलांचा सडा पडलेला, वास असा की डोकं जड व्हावं. संध्याकाळी जवळच्या गावातल्या दोन गोंड बाया टोपल्या घेऊन जात होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "भाऊ, इथी नोका राहू. मोह खायले अस्वल येते."

"माणसाचा आवाज आला का अस्वल पळते," हे म्हणाले. ज्या माणसानं मोटारीशिवाय कशाशी दोन हात केले नाहीत, त्याला अस्वलाचं एवढं ज्ञान कुठून आलं देव जाणे.

आक्का पहाटे उठायची. फटफटायला लागलं होतं. अंघोळ करून, तांब्या घेऊन ती डब्याच्या मागून येत होती. बघते तर झाडाखाली कोणीतरी काळं घोंगडं पांघरून, खाली बसून फुलं वेचतंय. आक्काला वाटलं, कालचीच बाई.

"ए बाई, बाजूले हो! सोवळ्यात हावो मी, शिवू नको!"

घोंगडं उभं राहिलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे! आक्का ओल्या लुगड्यानिशी आत घुसली ती माझ्या पोटावर पाय देऊन, विमलच्या केसांवरून, मधूभाऊजींच्या फळीवर चढून बसली. जन्मात कोणाला न शिवलेली बाई एका दमात सगळ्यांना शिवली! दाराशी पडलेला तांब्या बघून अस्वल आलं तसं निघून गेलं. पण आक्का फळीवरून उतरेना. मी तिचे हात धरून बसले. तिनं धरू दिले.

उजाडल्यावर ह्यांना म्हणाली, "दिनू, मले वडशाच्या ठेसनावर सोड."

हे विनवू लागले. "आक्का, असं नोको करू. सगळे एका डब्यात हावो ना आपण?"

"मी बी डब्यातच बसीन," आक्का म्हणाली, "पण रेल्वेच्या!"

* * *

विमलची कथा मुंग्यांची. विमल नागपूरची, हाताच्या चिमटीत साडी धरून चालणारी. उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या जंगलात गेलो होतो. ह्यांनी सावली बघून डबा आंब्याखाली घातला. एक फांदी खिडकीतून आत आली आणि पानांचे शिवल्यासारखे गोळे वरच्या फळीवर पडले. वरच्या फळीवर विमल झोपली होती. गोळ्यांत होत्या लाल मुंग्या. शेकड्यांनी!

विमलचं तोंड सुजून असं झालं की डोळे शोधावे लागत होते. ती फळीवर बसून रडतेय, आम्ही मुंग्या झटकतोय, एवढ्यात गावातली एक बाई पानांचा द्रोण घेऊन आली. डब्यात डोकावली आणि तिला हर्ष झाला.

"लय चांगल्या मुंग्या हायेत वो तुमच्या! घेऊ का?"

"घ्या," मी म्हटलं. सगळ्याच घ्या म्हटलं!

तिनं फांदी झटकून द्रोण भरला, घरी गेली, मीठ-मिरची घालून चटणी वाटली आणि त्यातली थोडी विमलसाठी घेऊन आली. विमल त्या सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून चटणीकडे बघत राहिली.

"वहिनी, इतका वेळ त्यांनी मला खाल्लं. आता मी त्यांना खाऊ?"

खाल्ली बरं का. आंबट आणि छान लागली म्हणे! पण त्यानंतर आक्कासारखा तिनंही डब्यात पाय ठेवला नाही.

* * *

पुढल्या दिवाळीला मधूभाऊजी एकटेच आले. भावाचं मन मोडवलं नाही त्यांच्यानं. ह्या किस्स्याला लोक हसत नाहीत, म्हणून मी तो मधे कुठेतरी सांगते.

वैरागडच्या बाजूला होतो. अवकाळी पाऊस लागला. मागे नाला, पुढे नाला, दोन्ही भरले. डबा मधल्या टेकाडावर. पहिला दिवस पत्ते खेळण्यात गेला. पत्रा गळायला लागला, तिथं पातेली लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्टोव्हला पंप मारत होते. मधूभाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले,

"भाऊ, एक सांगतो. माही नागपूरले बदली होऊन राह्यली."

"कोणी केली?"

"मीच मागून घेतली."

ह्यांचा पंप चालूच. स्टोव्ह भडकला, ज्योत पत्र्यापर्यंत गेली. मी धावून चावी सोडली.

"कायले मागून घेतली?"

"विमलले करमत नाई इथी."

"अन तुले?"

मधूभाऊजी गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं जे व्हायचं ते झालं. हे म्हणाले, "मंग जा."

मला वाटलं, नागपूरला जा म्हणतायत. मधूभाऊजींना वाटलं, आत्ताच जा. ते उठले, दार उघडलं आणि त्या पावसात जीपमध्ये जाऊन बसले. जीपचं कापडी छत फाटकं होतं. मी हाका मारल्या. हेही दाराशी गेले, पण ह्यांच्या तोंडून हाक निघाली नाही. नुसते उभे राहिले आणि परत आले.

दीड दिवस हे असंच. डबा इथं, जीप तिथं, मधे पंधरा हात पाऊस. मी डोक्यावर ताट पालथं धरून भात नेऊन द्यायची. मधूभाऊजी म्हणायचे, "वहिनी, तुमी कायले भिजता?" आत हे विचारायचे, "जेवला का?" मी चिडून म्हटलं, "तुमीच जाऊन विचारा ना!" गेले नाहीत.

कुसुम खिडकीला नाक लावून म्हणाली, "बाबा, काका ओले होऊन राह्यले."

"नागपूरले कोरडं भेटीन त्याले," हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

चौथ्या दिवशी नाला उतरला. हे जाऊन भावाच्या शेजारी बसले आणि गाडी सुरू केली. मी मागच्या सीटवर, कुसुम मांडीवर. चांद्यापर्यंत पाच-सहा तास दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते. घर आलं तेव्हा हे एकच वाक्य बोलले.

"डोकं पूस आधी."

महिन्याभरात मधूभाऊजी आणि विमलचं बिऱ्हाड नागपूरला गेलं. घरात परत एकच चूल झाली. ह्यांना तेच हवं होतं ना? पण अशी नको होती.

* * *

मग पाच-सहा वर्षं डबा अंगणातच उभा राहिला. कुसुमला सतरावं लागलं. ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ आलं. कोणीही आईबाप मुलगी घरी दाखवतात. ह्यांनी पाहुण्यांना निरोप धाडला, "आमी सिंदेवाहीजवळ डब्यात हावो. तिथीच या!"

मी दोन दिवस बोलले नाही. पण पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, मामा, मामी आणि दोन आत्या. धानाच्या बांधीच्या, म्हणजे शेताच्या, वरच्या अंगाला, उतारावर डबा उभा होता. जीप सोडवलेली, चाकांखाली दगड. कधी नव्हे ती सातही माणसं आत बसली. मी पोहे दिले. कुसुम खाली मान घालून उभी. मुलाच्या वडलांनी विचारलं, "बेटा, शिकली किती?"

कुसुम म्हणाली, "सातवी," आणि डबा चालू लागला.

हळूच निघाला हो. कोणाला आधी कळलंच नाही. खिडकीतलं झाड मागे सरकलं तेव्हा मामी किंचाळल्या. बाहेरून हे दोन्ही हातांनी डबा धरून धावतायत, त्यांच्यानं काय थांबणार? बांध ओलांडून, कापलेल्या धानाच्या ठुटांवरून खडखडत आम्ही खालच्या बांधीत जाऊन चिखलात रुतलो. पोहे सगळ्यांच्या डोक्यावर. मुलाच्या मिशीत शेंगदाणा!

मी म्हटलं, संपलं. पोरीचं नशीब ह्या डब्यानं खाल्लं. तोंडात पदर कोंबून एका कोपऱ्यात बसून राहिले. मुलाचे वडील सावकाश उठले, टोपीतले पोहे झटकले आणि म्हणाले,

"स्थळ चांगलं हाये हो, पण जाग्यावर राह्यत नाई!"

लग्न ठरलं. मुलाच्या आईनं अट एकच घातली. सून पुन्हा त्या डब्यात बसणार नाही.

निघायच्या दिवशी कुसुम माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू बी आता नाई म्हण ना बाबाले."

"म्हणतो," मी म्हटलं. म्हटलं नाही. पोरगी मांडवातून गेल्यावर तो माणूस संध्याकाळभर डब्याचं दार उघडून त्याच्या बिजागरीला तेल देत बसला होता. त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

* * *

त्याच वर्षी आक्का गेली. झोपेतच गेली, कोणाला त्रास दिला नाही. मग डब्यात आम्ही दोघंच. ताडोबाकडे गेलो. चार फळ्या रिकाम्या. हे म्हणाले, "आता ऐसपैस झालं." मला त्या ऐसपैस जागेत डोळा लागला नाही.

सकाळी फॉरेस्ट गार्ड आला. डब्याभोवती खाली बघत एक फेरी मारली.

"भाऊ, वाघ येऊन गेला. हे पाहा पंजे. पुरा गोल फिरला, दाराशी बसला बी होता."

हे त्या ठशांकडे किती वेळ बघत उभे होते! मग मला म्हणाले, "इतक्या जवळ आला. आत काऊन डोकावला नसन?"

मी स्टोव्ह पेटवत होते. तोंडातून निघून गेलं, "त्याले अक्कल हाये!"

हे हसले नाहीत. दिवसभर काही बोलले नाहीत. वाघाच्या भीतीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. पुन्हा तसं बोलले नाही मी.

* * *

आता शेवटचा. लोक खास हाच ऐकायला बसतात. काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. डबा वैनगंगेत गेला. माणसाला खरचटलंही नाही. हे पुढं पंधरा वर्षं जगले, दुकान चालवलं, नातवंडं खेळवली. सहलीचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही, आणि मीही नाही.

दिवाळीनंतरचे दिवस. जीपनं तोवर राम म्हटला होता. ह्यांनी डब्याला पुढं जू बसवून बैलजोडी लावली. पलीकडे गडचिरोलीच्या बाजूला जायचं होतं. नदीला अजून पाणी होतं. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावरून गाड्या पलीकडे न्यायच्या, अशी तेव्हाची रीत. बैल आधीच्या खेपेला गेले. मग डबा चढवला. आम्ही दोघं त्याच्या बाजूला फळीवर उभे.

मधली धार नीट पार झाली. काठाला लागलो. नावाडी म्हणाले, "भाऊ, बाई, तुमी उतरा आधी. मंग डबा उतरवतो." आम्ही वाळूत उतरलो. मी लुगडं पिळत होते. चौघांनी डबा उताराच्या फळ्यांवर घेतला, आणि एक डोंगा सुटून बाजूला सरकला. फळी निसटली. डबा मागच्या मागे गेला, पाण्यात बसला, आडवा झाला. तिथं पाणी छातीएवढंच होतं. पण धारेनं त्याला धरलं आणि तो हळूहळू खोलाकडे फिरायला लागला. हिरवा पत्रा, एक चाक, बसची खिडकी.

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता हा माणूस डोकं धरून बसतो. तर हे धावले. जोड्यांसकट गुडघाभर पाण्यात गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागले.

"मधू! ए मधू! बाहेर निंग! विमल! आक्काले धरा कोणी! कुसुम! बेटा, खिडकीतून निंग, खिडकीतून!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वैरागडला दाराशी उभे होते तेव्हाही नाही.

नावाड्यांचे चेहरे पांढरे पडले. आत माणसं आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! दोघांनी धडाधड उड्या मारल्या. एक पोहत डब्यापर्यंत गेला, खिडकीला लटकला, आत हात घालून चाचपायला लागला. दुसरा मधेच पाण्यात उभा राहून माझ्याकडे वळला. हे तर काही ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

"बाई! लवकर सांगा! आत कितीक जण हायेत?"

कोणीच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"चार," मी म्हटलं.